ठाण्याच्या गच्चीवरून टिपलेला तेजोमेघ: रॉ फ्रेमपासून तपशीलवार चित्रापर्यंत

ठाणे किंवा नवी मुंबईतून दूरच्या आकाशाचे फोटो काढायला लागलेल्यांचा पहिली फ्रेम बघून हिरमोड होतो. मृग नक्षत्रातला तेजोमेघ, म्हणजे एम ४२, एवढा तेजस्वी. पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसतो तो पांढुरक्या-तपकिरी आकाशातला एक फिकट डाग. त्या डागात दोन्ही बाजूंना पसरलेले पंख आहेत, एम ४२ आणि शेजारचा छोटा तेजोमेघ एम ४३ यांच्यामध्ये शिरलेली काळी खाच आहे, गाभ्यात दाटीवाटीने बसलेले चार तारे आहेत. सेन्सरने हे सगळं नोंदवलेलं असतं. ते शहराच्या उजेडाखाली दबलेलं असतं इतकंच, आणि तो उजेड हिशेबाने बाजूला काढता येतो.

आधी हा उजेड किती ते पाहू. खरोखर अंधाऱ्या जागी आकाशाच्या पार्श्वभूमीची तेजस्विता दर वर्ग आर्कसेकंदाला (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) २२ प्रतीच्या आसपास असते. प्रत हे उजेडाचं माप, आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. आपल्यासारख्या शहरात ती १८ च्या आसपास येते. ४ प्रतींचा फरक म्हणजे जवळपास ४० पट उजेड. जॉन बॉर्टल यांनी २००१ साली मांडलेल्या मोजपट्टीवर १ ही सर्वांत अंधारी पायरी आणि ९ ही सर्वांत उजळ. आपण ८-९ मध्ये मोडतो. म्हणजे आपल्या फ्रेममध्ये जे काही जमा होतं त्यात आकाश थोडं आणि शहरच जास्त असतं.

म्हणूनच या लेखात मी क्रमावर फार भर देणार आहे. आधी शहर काढायचं, मग रंग बसवायचा, मग चित्र ताणायचं आणि तपशील उठवायचं काम सगळ्यात शेवटी. तांदूळ आधी निवडतो, धुतो आणि मग शिजवतो. शिजलेल्या भातातून खडे वेचणं जमत नाही. मी पाहिलेल्या बिघडलेल्या फोटोंपैकी बरेचसे हा क्रम उलटा झाल्यामुळे बिघडलेले असतात.

उदाहरणासाठी एकच संच धरू. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीची गच्ची, मूळ स्थितीतला साधा डीएसएलआर, २०० मिमी लेन्स एफ ४ वर, आकाशाच्या फिरण्याबरोबर कॅमेरा फिरवणारा छोटा ट्रॅकर, आयएसओ ८०० आणि ३० सेकंदांच्या १२० फ्रेम्स. म्हणजे एक तासाचं एक्स्पोजर. सॉफ्टवेअर सगळं मोफत: सिरिल (बहुतेक सगळी प्रक्रिया), ग्राएक्सपर्ट (पार्श्वभूमी आणि नॉइज काढायला), स्टारनेट (तारे वेगळे करायला) आणि जिम्प (थर आणि मास्कच्या कामाला). पिक्सइनसाइट ताकदीचं आहे, पण ते विकत घ्यावं लागतं आणि शिकायला बराच वेळ मागतं. सुरुवातीला त्यावाचून काही अडत नाही. डीपस्कायस्टॅकरची सवय असेल तर स्टॅकिंग, म्हणजे सगळ्या फ्रेम्स जुळवून एकत्र करणं, तिथे करा आणि पुढचं काम सिरिलमध्ये.

गच्चीवर असतानाच करायच्या गोष्टी

जूनच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे मृग लागतो, तेव्हा सूर्यच आकाशाच्या त्या भागात असतो. साहजिकच रात्री मृग पाहायचा तो हिवाळ्यात. जानेवारीच्या मध्यात तो रात्री साडेदहाच्या सुमारास मध्यमंडलावर, म्हणजे आकाशात सर्वांत उंच येतो आणि एम ४२ ठाण्याहून साधारण ६५ अंश उंचीवर असतो. या वेळेच्या आधीचे आणि नंतरचे दीड-दोन तास सर्वांत मोलाचे. क्षितिजाजवळ खाडीवरची दमट हवा, हिवाळ्यातलं धुरकं आणि रस्त्यांवरचा उजेड तिन्ही एकदम आडवे येतात. त्या उंचीवरच्या फ्रेम्स नंतर टाकूनच द्याव्या लागतात.

फोटो रॉमध्येच काढा. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. तेजोमेघाचा अंधुक भाग शहराच्या उजेडाच्या जेमतेम वर डोकं काढतो, त्यामुळे त्याच्या वाट्याला जेपेगमध्ये दोन-चार पायऱ्या आल्या तरी पुष्कळ. एवढ्यातून पुढे काहीही निघत नाही. कॅमेऱ्यावरच्या हिस्टोग्रामचा (डावीकडे काळे, उजवीकडे पांढरे पिक्सेल दाखवणाऱ्या आलेखाचा) डोंगर डावीकडून एक-तृतीयांशाच्या आसपास असू द्या. तो अर्ध्याच्या पुढे गेला तर एक्स्पोजर २० सेकंदांवर आणा, नाहीतर तारे पांढरे पडतील आणि त्यांचे रंग जातील.

दर काही फ्रेम्सनंतर कॅमेरा दहा-एक पिक्सेल इकडेतिकडे सरकवा. याला डिदरिंग म्हणतात. ट्रॅकर स्वतःहून थोडा सरकतोच, पण तो एकाच दिशेने सरकतो आणि मग सेन्सरचा कायमचा डागाळलेपणा चित्रात तिरक्या ओरखड्यांसारखा उमटतो. तो नंतर काढणं फार कष्टाचं आहे.

आता फ्लॅट्स, म्हणजे लेन्ससमोर एकसारखा उजेड ठेवून काढलेले फोटो. शहरातून फोटो काढणाऱ्यासाठी फ्लॅट्स डार्क्सपेक्षाही महत्त्वाचे आहेत, असं माझं ठाम मत आहे. लेन्स कडांना कमी उजेड देते, सेन्सरवरची धूळ गोल कड्यांसारखे डाग पाडते. अंधाऱ्या जागी हे फारसं जाणवत नाही, कारण मागे आकाशाचा उजेडच थोडा असतो. आपल्याकडे मात्र प्रत्येक पिक्सेलवर उजेडाचा जाड थर असतो आणि लेन्सचा प्रत्येक दोष त्या थरावर छापला जातो. फ्लॅट नसेल तर ग्रेडियंट (पार्श्वभूमीतला उजेडाचा उतार) काढणारं कुठलंही सॉफ्टवेअर ते धुळीचे डाग नीट काढू शकत नाही. फोकस, एफ क्रमांक आणि कॅमेऱ्याची दिशा अजिबात न बदलता लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून बसवा आणि पहाटेच्या आकाशाचे किंवा टॅबलेटच्या पांढऱ्या पडद्याचे २०-३० फोटो घ्या. हिस्टोग्राम मध्यावर हवा. पडदा वापरणार असाल तर एक्स्पोजर फार छोटं ठेवू नका. पडद्याच्या लुकलुकण्याने पट्टे येतात.

डार्क्स म्हणजे झाकण लावून, त्याच आयएसओवर, तेवढ्याच सेकंदांचे २०-३० फोटो. ते घरी आल्यावर एसीत काढू नका. सामान आवरत असताना गच्चीवरच काढा, म्हणजे सेन्सरचं तापमान जुळतं. बायस म्हणजे झाकण लावून सर्वांत छोट्या एक्स्पोजरचे फोटो. ते एकदा काढले की बरेच दिवस पुरतात.

निवड आणि स्टॅकिंग

सिरिलसाठी एका फोल्डरमध्ये चार उपफोल्डर करायचे: लाइट्स (आकाशाच्या फ्रेम्स), डार्क्स, फ्लॅट्स, बायसेस. नावं इंग्रजीत आणि छोट्या लिपीत (lights, darks, flats, biases), तीच ठेवायची, कारण तयार स्क्रिप्ट नेमकी तीच शोधते. मग रंगीत कॅमेऱ्यासाठीची प्रीप्रोसेसिंग स्क्रिप्ट चालवली की पंधरा-वीस मिनिटांत स्टॅक हातात येतो. पहिल्यांदा असंच करा.

दुसऱ्यांदा मात्र स्क्रिप्टवर सोडू नका, कारण शहरी फोटोंसाठी दोन गोष्टी हाताने करण्यासारख्या आहेत.

पहिली निवड. सिरिल प्रत्येक फ्रेममधल्या ताऱ्यांची रुंदी, गोलाई आणि पार्श्वभूमीची पातळी मोजून आलेख काढतं. पार्श्वभूमीची रेघ मध्येच वर उसळलेली दिसली की समजायचं, तिथे पातळ ढग किंवा धुरकं आलं होतं आणि खालचा उजेड त्यावर परावर्तित झाला. डोळ्यांनी बघून अशी फ्रेम ओळखू येतेच असं नाही, आलेखात लगेच दिसते. सर्वांत वाईट १०-१५ टक्के फ्रेम्स बिनदिक्कत काढून टाका.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची. मृग पूर्वेला असतो तेव्हा कळवा-ऐरोलीच्या बाजूचा उजेड फ्रेमच्या एका कडेला असतो. तो पश्चिमेकडे झुकला की उजेडाची कड बदलते. नेरूळ-सीवूड्सहून धनु किंवा वृश्चिकेकडे रोख असेल तर उरणच्या बाजूचे दिवे खालून आणि खाडीपलीकडची मुंबई उजवीकडून येते. अशा सगळ्या फ्रेम्स तशाच एकत्र केल्या की वेगवेगळ्या दिशांचे उतार एकमेकांत मिसळतात आणि शेवटी जो आकार उरतो तो इतका वेडावाकडा असतो की तो सोडवता येत नाही. म्हणून कॅलिब्रेशन (डार्क्स, बायस आणि फ्लॅट्स वापरून फ्रेम्समधले दोष काढणं) झाल्यावर आणि स्टॅकिंगच्या आधी पूर्ण मालिकेवर पहिल्या डिग्रीचं, म्हणजे सरळ उतार काढणारं, बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन चालवा. एकेका फ्रेममध्ये उतार सरळ असतो आणि सरळ उतार काढताना तेजोमेघाला धक्का लागत नाही. या एका पायरीने शहरातल्या स्टॅकचा चेहरा बदलतो.

स्टॅक करताना वेगळ्या पडणाऱ्या नोंदी टाकून देणारं विन्सराइज्ड सिग्मा क्लिपिंग, खाली ३ आणि वर ३, आणि नॉर्मलायझेशन (फ्रेम्सची उजेडाची पातळी जुळवणं) ‘ॲडिटिव्ह विथ स्केलिंग’. प्रत्येक पिक्सेलसाठी शंभराच्या वर नोंदी असतात. त्यातल्या एखाद-दुसऱ्या नोंदीत विमान असेल तर ती इतरांच्या मानाने इतकी वेगळी पडते की गणितच तिला बाहेर काढतं. मुंबईचं विमानतळ होतंच, आता नवी मुंबईचंही आहे. त्यामुळे आपल्या फ्रेम्समध्ये दिव्यांच्या रेघा यायच्याच. स्टॅकमध्ये त्यांची पुसट खूण उरली तर वरची मर्यादा ३ वरून २.५ वर आणा. फ्रेम्स १५-२० पेक्षा कमी असतील तर मात्र ही युक्ती नीट चालत नाही.

फ्रेम्स वाढवल्याने नेमकं काय मिळतं? नॉइजच्या (चित्रातल्या खरखरीच्या) तुलनेत सिग्नल, म्हणजे विषयाचा खरा उजेड, फ्रेम्सच्या संख्येच्या वर्गमुळाने वाढतो. १६ फ्रेम्स घेतल्या तर ४ पट, १०० घेतल्या तर १० पट, आपल्या १२० मध्ये सुमारे ११ पट. इथे एक गोष्ट मनात पक्की बसवा. शहराचा उजेड वजा करता येतो, पण त्या उजेडाने आणलेला नॉइज वजा होत नाही, तो मागे राहतो. म्हणून ४० पट उजळ आकाशाखाली अंधुक धुळीचे ढग अंधाऱ्या जागेइतके स्वच्छ हवे असतील तर वेळही जवळपास ४० पट द्यावा लागतो. अशा विषयांसाठी मुरबाड किंवा माळशेजकडे जावं. एम ४२, धनु राशीतला एम ८, कृत्तिकांचे तारे, नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ, हे सगळं गच्चीवरून छान येतं.

शहर वजा करणे

स्टॅक उघडला की तो काळाकुट्ट दिसेल. फाइल बरोबर आहे. चित्र अजून रेषीय अवस्थेत आहे, म्हणजे सेन्सरवर जितका उजेड पडला तितकाच आकडा आहे, आणि सगळा ऐवज हिस्टोग्रामच्या डाव्या टोकाला गोळा झालेला आहे. सिरिलमध्ये खाली ‘ऑटोस्ट्रेच’ हा पाहण्याचा प्रकार निवडा. याने फक्त दिसणं बदलतं, फाइलमधले आकडे जसेच्या तसे राहतात. पुढच्या तीन-चार पायऱ्या याच अवस्थेत करायच्या आहेत.

आधी कडा कापा. सरकवलेल्या फ्रेम्स एकावर एक बसवल्यामुळे कडेला कमी फ्रेम्सचे पट्टे तयार होतात आणि पार्श्वभूमीचं गणित त्यांनी फसतं. आपल्या २०० मिमी लेन्सवर साधारण ४ मायक्रॉनचा पिक्सेल म्हणजे पिक्सेलला सुमारे ४ आर्कसेकंद पडतात. एम ४२ जवळपास एक अंश, म्हणजे पूर्णचंद्राच्या दुप्पट रुंद. तेव्हा तो चित्रात ९०० पिक्सेलच्या आसपास असेल. कापायला भरपूर जागा आहे, पण आत्ता सगळंच कापू नका. पार्श्वभूमी ओळखायला सभोवतालचं मोकळं आकाश लागतं.

आता ग्राएक्सपर्ट किंवा सिरिलचं बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन. दोन्हींचं काम सारखंच: चित्रात ठिकठिकाणी नमुन्याचे बिंदू ठेवायचे, त्यांवरून पार्श्वभूमीचा एक गुळगुळीत पृष्ठभाग बांधायचा आणि तो चित्रातून वजा करायचा. भागाकाराचाही पर्याय दिसेल, तो घेऊ नका. शहराचा उजेड आकाशात मिळवला गेलेला आहे, म्हणून तो वजाबाकीनेच जातो.

बिंदू कुठे ठेवता यावर सगळं अवलंबून आहे. स्वयंचलित बिंदू मागितले की त्यातले काही हमखास एम ४२ च्या बाहेरच्या पंखांवर आणि वरच्या बाजूच्या एनजीसी १९७७ या शेजारच्या तेजोमेघावर पडतात. ते एकेक करून पुसा. मृगाच्या तलवारीच्या आसपास अंधुक धूळ लांबवर पसरलेली आहे, त्यामुळे इथे बिंदू कमीच बरे: चारही कोपऱ्यांत दोन-दोन, कडांच्या मध्यावर एकेक, आणि पॉलिनोमियल (पृष्ठभागाचं समीकरण) दुसऱ्या डिग्रीपर्यंत. देवयानी दीर्घिकेसारखा मोठा पण कडा असलेला विषय असेल तर थोडे जास्त बिंदू चालतात. कुठे आकाश आहे आणि कुठे धूळ, हे ठरवायला त्या भागाचा एखादा खोल एक्स्पोजरचा फोटो बाजूला उघडून ठेवा.

वजाबाकी झाली की निकालाआधी वजा झालेला पृष्ठभाग पाहा. ग्राएक्सपर्ट तो वेगळा दाखवतं. त्यात एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जाणारा संथ उतार दिसला तर काम बरोबर. त्यात मधोमध एम ४२ च्या जागी फुगवटा दिसला तर तुम्ही शहराबरोबर तेजोमेघही वजा केलाय. निकालाच्या चित्रात हे पटकन लक्षात येत नाही, उलट चित्र जास्त खुलल्यासारखं वाटतं. पंखांच्या बाहेर एक काळसर वलय तेवढं दिसतं. अशा वेळी मागे या, मधले बिंदू काढा, पुन्हा चालवा. या पायरीला मी अर्धा-पाऊण तास सहज देतो आणि तुम्हीही द्या. शहरी चित्राचं निम्मं काम इथे होतं.

रंग

पार्श्वभूमी सपाट झाल्यावरच रंगाला हात लावा. सिरिलला आधी चित्रातले तारे ओळखू द्यायचे: फोकल लांबी २०० आणि तुमच्या कॅमेऱ्याचा पिक्सेल आकार भरला की प्लेट सॉल्व्हिंग, म्हणजे चित्र आकाशात नेमकं कुठलं ते ओळखणं, होतं. मग फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन ताऱ्यांच्या नोंदसूचीतल्या रंगांशी तुमच्या ताऱ्यांचे रंग ताडून लाल-हिरवा-निळा यांचं प्रमाण बसवतं. डोळ्यांच्या अंदाजापेक्षा हे कितीतरी भरवशाचं आहे, कारण आपल्या रस्त्यांवरच्या पांढऱ्या एलईडीचा उजेड एकाच रंगाचा नसतो, पूर्ण वर्णपटात पसरलेला असतो. जुन्या सोडियमच्या दिव्यांचा उजेड निदान मुख्यतः पिवळ्या रंगात असायचा.

उरलेली हिरवट झाक ‘रिमूव्ह ग्रीन नॉइज’ने जाते. एम ४२ च्या गाभ्यात मात्र ऑक्सिजनमुळे खरंच हिरवट-निळसर छटा असते, तेव्हा पूर्ण ताकदीने चालवू नका.

मूळ स्थितीतल्या डीएसएलआरमध्ये लाल रंग कमी उमटतो. हायड्रोजनचा लाल उजेड ६५६.३ नॅनोमीटरवर असतो आणि कॅमेऱ्यातला आतला फिल्टर त्यातला बराच अडवतो. म्हणून आपला एम ४२ लालभडक न येता गुलाबीसर येतो. ते मान्य करावं. लाल चॅनेल हाताने वर ओढला की तेजोमेघाबरोबर नॉइजही लाल होतो.

रेषीय अवस्थेतच नॉइज थोडा कमी करता येतो. ग्राएक्सपर्टचं डीनॉइज निम्म्या ताकदीवर पुरे. डीकॉन्व्होल्यूशनचं नाव अनेक ठिकाणी वाचाल. ताऱ्याचा आकार मोजून त्यावरून चित्राचा धूसरपणा उलटा सोडवण्याची ती पद्धत आहे. पण पिक्सेलला ४ आर्कसेकंद असताना तारे आधीच दोन-तीन पिक्सेलचे असतात, तिथे सोडवायला काही उरत नाही आणि ताऱ्यांभोवती काळी कडी मात्र येतात. लांब फोकल लांबीची दुर्बीण असेल तेव्हा तिच्याकडे वळा.

ताणणे

आता चित्र रेषीय अवस्थेतून बाहेर काढायचं. तपशील दिसतो किंवा जळतो तो इथे. एकाच ओढीत ऑटोस्ट्रेच लागू केला तर एम ४२ चा गाभा पांढरा फटक होतो आणि पंख अजून वर आलेलेच नसतात. त्यासाठी सिरिलमधलं जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेच वापरा आणि थोडं थोडं, तीन-चार फेऱ्यांत ताणा.

पाहण्याचा प्रकार आधी ‘लिनियर’वर आणा, नाहीतर आधीच ताणलेलं चित्र पुन्हा ताणलेलं दिसेल. पहिल्या फेरीत समतोल बिंदू हिस्टोग्रामच्या डोंगराच्या डाव्या पायथ्याशी ठेवा. ताणाचं प्रमाण हळूहळू वाढवत न्या, डोंगर उजवीकडे सरकू लागेल. पार्श्वभूमी निम्म्या वाटेवर आली की लागू करा. दुसऱ्या फेरीत एम ४२ च्या बाहेरच्या पंखावर छोटा चौकोन निवडा आणि समतोल बिंदू त्या भागाच्या उजेडावरून घ्या. म्हणजे सगळ्यात जास्त कॉन्ट्रास्ट नेमका त्या उजेडाला मिळतो आणि पंखांच्या घड्या उलगडू लागतात. याच फेरीत हायलाइट प्रोटेक्शन खाली आणा. गाभा आणि तारे जागच्या जागी राहतात. तिसरी फेरी याच पद्धतीने, अगदी हलक्या हाताने.

पार्श्वभूमी कुठे थांबवायची? २५५ पैकी २० ते ३० च्या दरम्यान. शून्याच्या जवळ नेली तर चित्र चटकदार वाटतं, पण अंधुक धूळ त्याच भागात असते आणि ती कापली जाते. काळा बिंदू सरकवताना किती पिक्सेल कापले गेले हा आकडा सिरिल दाखवतं. तो शून्याच्या अगदी जवळ राहू द्या.

एम ४२ चा गाभा तरीही ३० सेकंदांच्या फ्रेममध्ये भरून गेलेला असेल. जिथे सेन्सर भरून वाहिला तिथली माहिती कुठल्याच स्ट्रेचने परत येत नाही. म्हणून त्याच रात्री ३ सेकंदांच्या ३०-४० फ्रेम्स वेगळ्या घ्या, त्यांचा स्टॅक मोठ्या स्टॅकशी जुळवून घ्या आणि हलकं ताणून दुसरं चित्र करा. जिम्पमध्ये ते खालच्या थरावर ठेवा, वरच्या थराला मास्क (काळा रंग असेल तिथे खालचा थर दाखवणारा पडदा) लावा आणि गाभ्यापुरता मऊ कडांचा काळा डाग मास्कवर रंगवा. डागाची कड ३०-४० पिक्सेलची असू द्या. गाभ्यातले चार तारे सुटे दिसायला लागले आणि सभोवतालच्या उजेडात जोड दिसत नसला की झालं. गाभा बाहेरच्या भागापेक्षा काळा पडू देऊ नका. तो सर्वांत तेजस्वी आहे आणि तसाच दिसला पाहिजे.

तपशील

ताणलेलं चित्र स्टारनेटमधून काढा. एका बाजूला तारे, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांविना तेजोमेघ. यामुळे तेजोमेघाला हवं ते करता येतं आणि तारे फुगत नाहीत.

ताऱ्यांविनाच्या चित्रावर दोन साधनं पुरतात. पहिलं सिरिलमधलं वेव्हलेट्स. चित्र बारीकपासून ठसठशीतपर्यंत वेगवेगळ्या थरांत विभागलं जातं आणि प्रत्येक थर वेगळा उठवता येतो. पहिल्या थराला हात लावायचा नाही, त्यात जवळपास सगळा नॉइज असतो. दुसरा अगदी थोडा, तिसरा आणि चौथा मोकळ्या हाताने. दुसरं साधन जिम्पमधलं अनशार्प मास्क, पण नेहमीच्या उलट्या प्रमाणात: त्रिज्या ३० ते ६० पिक्सेल आणि प्रमाण ०.२-०.३. यामुळे बारीक कडा न टोचता मोठे उठाव दिसतात, आणि काळी खाच एकदम खोल वाटायला लागते.

दोन्हींना मास्क हवाच. चित्राचीच काळी-पांढरी प्रत काढा, थोडी धूसर करा, कॉन्ट्रास्ट वाढवा आणि तिलाच मास्क म्हणून लावा. उजळ भागात परिणाम पूर्ण, पार्श्वभूमीत शून्य. जिथे सिग्नल भरपूर आहे तिथेच धार लावायची. अंधुक पंखांच्या टोकांना उलट थोडं गुळगुळीत करायचं. पूर्ण चित्राला एकसारखी धार लावली की पार्श्वभूमीचा खरखरीतपणा आधी वर येतो आणि तेजोमेघ मागे राहतो.

एआयवर चालणाऱ्या साधनांबद्दल एक आग्रह. ती नॉइज छान काढतात, पण कधी कधी नसलेले धागेही विणतात. चित्रात एखादी सुरेख बारीक दोरी दिसली की मूळ रेषीय स्टॅक २०० टक्क्यांवर उघडा आणि तीच जागा पाहा. तिथे तिचा मागमूस नसेल तर साधनाची ताकद कमी करा. १,३०० हून अधिक प्रकाशवर्षांवरून आलेला उजेड आपण टिपलाय. त्यात संगणकाने भर घालावी असं मला कधीच पटत नाही.

रंगाची गडदता याच थरावर, त्याच मास्कमधून वाढवा. एनजीसी १९७७ हा परावर्तित उजेडाचा मेघ आहे, तो निळा हवा. तो जांभळा दिसत असेल तर रंगाच्या पायरीत काहीतरी राहिलंय, तिकडे परत जा.

तारे वेगळे ठेवलेत त्यांची गडदता थोडी वाढवा आणि सिरिलच्या स्टार रीकॉम्पोझिशनमध्ये दोन्ही एकत्र करा. ताऱ्यांची सरकपट्टी तेजोमेघापेक्षा जरा मागे ठेवली की नजर आपोआप तेजोमेघावर जाते. अगदी नाहीसे मात्र करू नका.

ड्युअल नॅरोबँड फिल्टर असेल तर हा क्रम थोडा बदलतो. तो हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या रेषा सोडून बाकी उजेड अडवतो, त्यामुळे एम ४२ किंवा एम ८ सारख्या तेजोमेघांसाठी आपल्या शहरात वरदान आहे. सिरिलच्या स्क्रिप्टने दोन्ही रेषांची चित्रं वेगळी काढता येतात आणि ती एकेक करून ताणायची. दीर्घिका आणि कृत्तिकांभोवतीची निळी धूळ मात्र पूर्ण वर्णपटात चमकते. तिथे हा फिल्टर विषयच कापून टाकतो.

शेवटची तपासणी

चित्र फोनवर पूर्ण उजेडात पाहा आणि मग खोली अंधारी करून संगणकावर. ग्रेडियंटचे उरलेले पट्टे फोनवर जास्त कळतात, काळवंडलेली पार्श्वभूमी मॉनिटरवर. कोपरे एकेक करून तपासा, एकही कोपरा दुसऱ्यापेक्षा लालसर किंवा हिरवट नको. आता हवा तसा क्रॉप करा, १६ बिट टिफ जपून ठेवा आणि पाठवण्यासाठी एसआरजीबी जेपेग काढा. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पंखांचे सगळे हलके रंग पट्ट्यापट्ट्यांचे होतात.

आणि कॅलिब्रेट केलेल्या फ्रेम्स पुसू नका. प्रत्येक रात्रीच्या फोल्डरच्या नावात तारीख, लेन्स, आयएसओ आणि सेकंद लिहा, आणि त्या रात्रीचे फ्लॅट्स त्याच फोल्डरमध्ये ठेवा. पुढच्या हिवाळ्यात त्याच लेन्सने आणखी फ्रेम्स मिळाल्या की प्रत्येक रात्र तिच्या तिच्या फ्लॅट्सने कॅलिब्रेट करून दोन्ही वर्षांच्या फ्रेम्स एकाच स्टॅकमध्ये घालता येतात.